खुबा आणि सांजसोनं

१२ जानेवारी

न्हाणीघरात अजूनही ते रबराचं कातडं लोंबतंय. मुलाचा पाणबुड्याचा पोशाख. कित्येक दिवसांत तो पाण्यात उतरलेला नाही, तरी वास जात नाही: डिझेल, कुजके शिंपले आणि घाम. तोंड धुताना घशाशी आलं. शाळेत समुद्रावरच्या एवढ्या कविता पाठ केल्या, एकीतही हा वास नव्हता.

मुलगा बंदरात जहाजांचे तळ खरवडतो. जहाजाच्या पोटाला धरलेली शिंपल्यांची खपली काढायची, पंख्यात गुरफटलेली जाळी कापायची, धक्क्याखालचे खांब चाचपायचे. लहानपणी त्याला मांडीवर घेऊन मी सागर, अर्णव, रत्नाकर असले शब्द घोकून घेतले, आणि हा त्या रत्नाकरात उतरून शेवाळ काढतो. असो.

सध्या लंगडतो. कधी जांघेत दुखतं म्हणतो, कधी गुडघ्यात. मला वाटलं, अंगचोरपणा. तसं बोललोही.

सून म्हणाली, "बाबा, अंगचोर माणूस चार पायऱ्या चढून घामाघूम होत नाही."

ती खाली दुकानात ताडपत्र्या शिवते. बोलणंही त्या जाड सुईसारखंच, एकदा टोचलं की आरपार. आज त्याला घेऊन त्या बोगद्यासारख्या यंत्रातून फोटो काढून आली. हातात भलामोठा लिफाफा. मी विचारलं तेव्हा मुलगा बूट काढता काढता म्हणाला, "हाड मेलंय, बाबा. खुब्यातलं."

जिवंत माणसाच्या आत मेलेलं हाड. ताटावर बसलो होतो, घास तोंडातच फिरत राहिला. शिसारी आली. उठलो.

१६ जानेवारी

हाडांच्या डॉक्टरकडे सगळे गेलो. सगळे म्हणजे मुलगा, सून, मी आणि तो दोरीवाला. मुलगा खाली असतो तेव्हा धक्क्यावर त्याची दोरी धरून बसणारा हा इसम. डोक्यावर केस नाहीत, कानात मात्र भरपूर, आणि काडेपेटीच्या काडीनं तो ते कान सतत कोरत असतो. मला "कविराज" म्हणतो. त्याच्या तोंडी तो शब्द चिखलात पडलेल्या फुलासारखा वाटतो.

डॉक्टरांनी खण उघडला. बिस्किटांचा पुडा बाजूला सारून त्यांनी एक मांडीचं हाड काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"खरं की खोटं?" मी विचारलं.

"खरं. कुणाचं ते विचारू नका."

मी ते टेबलावर ठेवलं आणि तळवा धोतराला पुसत राहिलो. त्यांनी बिस्किटाचा आग्रह केला. नको म्हटलं.

मग त्यांनी समजावलं. मांडीच्या हाडाचं वरचं टोक म्हणजे एक गोळा, तो खुब्याच्या वाटीत फिरतो. मुलाच्या गोळ्याचा एक भाग रक्त न पोचल्यामुळे मेला आहे. पण गोळा अजून गोल आहे. तोवर वाचवता येईल. एकदा का अंड्याच्या टरफलासारखा चेपला, की मग धातूचा सांधा.

"मग धातूचाच बसवून टाका की एकदाचा," मी म्हणालो.

"यांच्या वयाला नको, आजोबा. धातूही झिजतो. मग पुन्हा कापा, पुन्हा बसवा. स्वतःचा आहे तोवर स्वतःचाच राखू."

राखायचा कसा, ते ऐकताना कान झाकून घ्यावेसे वाटले. पोटरीतलं बारीक हाड त्याच्या रक्तवाहिनीसकट कापून घ्यायचं. मांडीच्या हाडाला बाजूनं बोगदा पाडायचा. गोळ्यातला मेलेला भाग खरवडून टाकायचा, तिथे पोटरीचं हाड खुंटीसारखं ठोकायचं आणि त्याची रक्तवाहिनी जवळच्या रक्तवाहिनीला शिवायची. भिंगाखाली.

सून पुढे सरकली. "धागा कसला वापरता?"

"केसाहून बारीक असतो."

"आणि सुई? दाखवाल?"

त्यांनी दाखवली! दोघं डोकी जुळवून सुई बघत बसले, जसं काही सणंग पसंत करायचं होतं. मी खुर्ची मागे सरकवली.

मग डॉक्टरांनी कारण सांगितलं. खोल पाण्याच्या दाबाखाली श्वासातली हवा रक्तात विरघळते. पाणबुड्या टप्प्याटप्प्यानं, थांबत थांबत वर आला तर ती हळूहळू निघून जाते. घाईनं वर आला तर सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यासारखं होतं. रक्तात फेस. तो फेस हाडाच्या बारीक नळ्यांत अडकतो आणि हाड उपाशी मरतं. कळायला वर्षं जातात.

"असं घाईनं वर येणं कधी झालं होतं?" त्यांनी विचारलं.

"नाही," मुलगा म्हणाला.

दोरीवाला छताकडे बघत कान कोरत होता. "नाही आठवत," तोही म्हणाला.

मला मुलाच्या पाण्याखालच्या कामाबद्दल एकच गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली सांगता आली असती. मी सुरुवात केली, "एकदा संध्याकाळी मी धक्क्यावर—"

"बाबा, घसा सुकलाय. बाहेरून जरा पाणी आणता?" मुलगा म्हणाला.

आणलं. पेल्याच्या काठाला कुणाच्या तरी ओठांचा रंग होता, तो रुमालानं पुसला. परत येईपर्यंत विषय शस्त्रक्रियेच्या तारखेवर गेलेला. पाणी त्यानं प्यायलंच नाही. माझं बोलणं असं मध्येच तोडायची या घराला सवयच लागली आहे.

१९ जानेवारी

जे त्या खोलीत सांगू दिलं नाही ते इथे लिहून ठेवतो. इथे मला पाणी आणायला कुणी पाठवत नाही.

दोन वर्षांपूर्वीची संध्याकाळ. मुलाचा डबा घेऊन मी धक्क्यावर गेलो होतो. तो खाली होता, बराच खोल. हवेचं यंत्र खोकायला लागलं म्हणून दोरीवाला तिकडे धावला आणि जाताना दोरी माझ्या हातात दिली. "नुसती धरा, कविराज. काही करू नका."

आणि तेवढ्यात आभाळानं काय मांडलं! शाळेत आमचे गुरुजी मेजावर पट्टी आपटत लघु-गुरू मोजायला लावायचे. तेव्हा पुस्तकातल्या ज्या संध्याकाळी आम्ही न पाहता पाठ केल्या, त्या सगळ्या एकदम समोर उभ्या राहिल्या. पाण्यावर सोनं, सोन्यावर केशर, आणि माझा मुलगा त्या सोन्याच्या खाली काळोखात शेवाळ खरवडतोय. मला राहवेना. मी दोरी ओढली. जोरजोरात, लहान मुलासारखी. आणि तो आला! सरळ, बाणासारखा, सूर्याच्या वाटेवरच वर आला. मुखवटा काढून ओरडला, "काय झालं? काय झालं?"

"अरे, बघ!" मी म्हणालो.

त्यानं पाहिलं. मग पायरीवर बसून ओकला. खांदे दुखतात म्हणून पुढचे दोन दिवस पडून होता. पित्तच त्याला फार. ती ओकारी त्या सगळ्या दृश्यात मावेना, माझा विरस झाला, हे कबूल. पण त्याच आठवड्यात दोन ओळी सुचल्या. भुजंगप्रयात वृत्त, एकही मात्रा इकडची तिकडे नाही:

जरा ओढता दोर आला तळाचा,
शिरी सांजसोने, सखा हा जळाचा.

सुवाच्य अक्षरात लिहून, तसबीर करून मुलाच्या पलंगासमोरच्या भिंतीवर लावली आहे. तो आडवा पडला की त्याची नजर नेमकी तिथेच जाते.

३ फेब्रुवारी

शस्त्रक्रिया. सकाळी आत नेलं. मी बाहेर बाकावर. या इमारतीत औषधाचा, फिनेलचा आणि कालच्या उकडलेल्या कोबीचा असा एक मिळून वास आहे. शेजारी दोरीवाला उकडलेली अंडी सोलून खात होता. टरफलं स्वतःच्या टोपीत गोळा करत होता.

"घ्या एक."

"मेलो तरी नको."

"मेल्यावर कोण देतंय?" असं म्हणून त्यानं तेही खाल्लं.

सून कापडाच्या तुकड्याला उगाचच शिलाई घालत होती. घालायची, उसवायची, पुन्हा घालायची. मी मनात पाठ कविता म्हणायला घेतली. दुसऱ्या कडव्याला अडकलो. असं पन्नास वर्षांत झालं नव्हतं.

ऊन कलल्यावर डॉक्टर बाहेर आले. त्यांच्या पायमोज्यावर एक लाल ठिपका. माझं लक्ष तिथून हलेना. ते म्हणाले, "रक्तवाहिनी जुळली. बसवलेल्या हाडाच्या टोकाला रक्ताचे थेंब आलेले मी स्वतः पाहिले. आता पाय टेकायचा नाही. मी सांगेपर्यंत अजिबात नाही. खुंटी हलली किंवा गोळा चेपला, तर केलेलं सगळं वाया."

दोरीवाल्यानं त्यांचा हात धरून मुका घेतला. अंड्याच्या तोंडानं. मी मान फिरवली. सून भिंतीकडे तोंड करून उभी होती, तिचे खांदे हलत होते.

५ फेब्रुवारी

खुबा आणि पोटरी, दोन्हीकडे पट्ट्या. खुब्यातून एक नळी निघते आणि बाटलीत पातळ, गुलाबी काहीतरी साठतं. परिचारिका ती बाटली उजेडाला धरून खूश होते. पायाचा अंगठा दाबून रंग बघते. मुलाच्या अंगाला आंबूस वास येतोय. त्यानं माझा हात धरला होता. त्याचा तळवा चिकट. किती वेळ सोडला नाही, आणि मीही ओढून घेतला नाही. घरी येऊन हात साबणानं धुतले. पुन्हा धुतले.

१२ फेब्रुवारी

घरी आणला. पुढच्या खोलीत पलंग. सून दुकानात असताना त्याला मी बघायचं, असं ठरलं. ठरलं म्हणजे मला सांगण्यात आलं.

मी दिवसभर मागच्या गॅलरीत आरामखुर्चीत असतो आणि मला हाक ऐकू येत नाही. म्हणून दोरीवाल्यानं सुनेकडून ताडपत्रीची दोरी घेऊन एक सोय केली. दोरीचं एक टोक मुलाच्या मनगटाला, दुसरं माझ्या खुर्चीच्या हाताला, मध्ये दाराच्या चौकटीवरून कड्यांतून नेलेली. खुणाही ठरवून दिल्या. एकदा ओढलं तर "ठीक आहेस ना?" आणि समोरच्यानं एकदाच ओढून उत्तर द्यायचं. दोनदा म्हणजे पाणी. तीनदा म्हणजे भांडं.

"आणि लागोपाठ, जोरात ओढायची नाही," तो म्हणाला. "ती खूण घरात नको."

"का?"

"नको म्हटलं ना, कविराज."

माझ्याशी अशा सुरात बोलतो. कानातल्या केसांसकट.

१८ फेब्रुवारी

तीनदा. सकाळपासून नुसतं तीनदा. भांडं नेऊन ओतताना मी श्वास धरतो, मान वळवतो, आणि तरी थेंब उडतोच. आयुष्यभर बंदराच्या कचेरीत शिक्के मारले, पण हात स्वच्छ होते. आज त्याची पाठ पुसताना पट्टीखालून खरूज निघाल्यासारखी कातडी दिसली. मी म्हटलं, "कविता म्हणू का एखादी?"

तो म्हणाला, "म्हणा. पण समुद्राची नको."

मग पाखरांची म्हटली. निम्म्यात घोरायला लागला.

मात्र एक खरं. दोरी एकदा ओढली की पलीकडून एकदा ओढ येते, लगेच. ती येईपर्यंत मी आताशा श्वास घेत नाही.

१ मार्च

लिहू नये असं वाटतंय, पण दुसरं करण्यासारखं काही उरलेलं नाही.

संध्याकाळी गॅलरीतून पाहिलं तर आभाळ पुन्हा तसंच. तेच सोनं, तेच केशर. दोन वर्षांत असं झालं नव्हतं. घाणेरड्या भांड्यांत आणि पट्ट्यांत गेलेला एवढा काळ, आणि समोर हे. पलंगावरून त्याला निदान भिंतीवर पडलेला उजेड दिसेल, त्यानं डोळे तरी उघडावेत, एवढंच माझ्या मनात होतं. दोरी हाताशी होती. मी ओढली. जोरजोरात.

आत धाडकन आवाज झाला.

गेलो तर तो पलंगाशी उभा. दोन्ही पायांवर. डोळे उघडे, पण झोपेतले. तोंडातून श्वास फुंकून फुंकून बाहेर टाकत होता. मग त्याला भान आलं, पायाकडे पाहिलं आणि तो किंचाळला. माझा मुलगा किंचाळला, अडतीस वर्षांचा बाप्या. पलंगाच्या कडेला धरून मी त्याला आडवा केला. सून दुकानातून वर धावत आली, तिच्यामागून दोरीवाला.

"कसा उभा राहिला हा? बाबा, कसा उभा राहिला?"

मी म्हणालो, "मी फक्त हाक मारली."

दोरीवाल्यानं मुलाच्या मनगटाकडे पाहिलं. दोरी घासून कातडी लाल झाली होती. मग माझ्याकडे पाहिलं. शांतपणे म्हणाला, "ही खूण आली की पाणबुड्या विचार करत नाही. झोपेतही नाही. वर धोका आहे, आहे तसा ये, असा तिचा अर्थ." आणि जिन्यातून उतरताना, फक्त मला ऐकू जाईल असं, म्हणाला, "दुसऱ्यांदा, कविराज."

दुसऱ्यांदा कसं? या माणसाला धड मोजताही येत नाही.

२ मार्च

फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, खुंटी हललेली दिसत नाही. गोळा टिकला की आतून खचला, ते पुढच्या फोटोतच कळेल. तोवर नुसती वाट बघायची.

सून माझ्याशी बोलत नाही. चहा ठेवते आणि जाते. मुलगा बोलतो. म्हणाला, "बाबा, स्वप्नच पडलं होतं मला. तुमचं काही नाही."

डॉक्टरांनाही त्यानं तेच सांगितलं. स्वप्न पडलं. किती सहज सांगितलं. जसं जानेवारीत "नाही" म्हणाला होता तसंच.

५ मार्च

सोड्याच्या बाटलीची मला पहिल्यापासूनच किळस आहे. ढेकर आल्यासारखी उघडते.

९ मार्च

पलंगासमोरची तसबीर काढली. सुनेनं विचारलं, का. म्हटलं, वाळवी लागली आहे.

तिनं ती हातात घेऊन मागून पुढून बघितली. "कुठाय वाळवी?"

"आत आहे."

तिनं ती परत माझ्या हातात दिली. संध्याकाळी चहा ठेवून थोडा वेळ समोर बसली.

मुलानं रिकाम्या खिळ्याकडे बघून विचारलं, "तिथं आता काय लावणार?" काही नाही, म्हटलं. "बरं झालं," तो म्हणाला, आणि लगेच, "म्हणजे भिंत स्वच्छ दिसते."

२१ मार्च

कुबड्या आल्या. काखेत रबर, त्याला नव्या चपलेसारखा वास. अर्धाच भार द्यायचा, तोही टप्प्याटप्प्यानं. कुबडी, कुबडी, पाय. आधी एक हलका ठोका, मग दोन जड. लगागा, लगागा. भुजंगप्रयात. माझं डोकं आपोआप मोजत बसलं आणि मला स्वतःच्या डोक्याचाच उबग आला. कान झाकून बसलो. सून म्हणाली, "आवाजाचा त्रास होतो का, बाबा?" चांगलीच बाई आहे. मी मान हलवली.

भांडं नेताना हल्ली मान वळवत नाही. वास आहे तसाच आहे. पण त्यात किळस करण्यासारखं काय आहे ते पूर्वीइतकं आठवत नाही. किळस दुसरीकडे कुठेतरी जाऊन बसली आहे.

१६ एप्रिल

फोटो आला. डॉक्टरांनी तो उजेडाला लावला आणि गोळ्याच्या कडेनं हळूहळू बोट फिरवत राहिले. सुनेनं माझी बाही धरली. तिलाही ते कळलं नसावं.

"गोल आहे," ते म्हणाले. "खुंटी धरते आहे. अजून वर्षभर फोटो काढत राहू, पण आज गोल आहे." मग मुलाकडे वळून, "पाण्यात मात्र पुन्हा जायचं नाही. कधीच."

"माहीत आहे," मुलगा म्हणाला.

दोरीवाला म्हणाला, "मग आता दोरी धर. माझे डोळे गेलेच आहेत." आणि मोठ्यानं नाक शिंकरलं, उघड्या हातात. आज मी त्याला माझा रुमाल दिला. तो त्यानं परत करायला काढला तेव्हा ठेव म्हटलं, काय वाटेल ते झालं तरी मला तो नको होता.

घरी आल्यावर मुलगा पुढच्या खोलीत पडला. मी गॅलरीत. दोरी अजून तशीच आहे, एक टोक त्याच्या उशाशी, एक माझ्या खुर्चीला.

आज आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता. सूर्य खाली यायला लागला तसं सगळं पाणी पेटलं. दोरी माझ्या तळहातात होती. ती खुर्चीच्या हातापासून सोडवली, गुंडाळली आणि मांडीखाली घेऊन तिच्यावर बसलो. सूर्य बुडेपर्यंत उठलो नाही.

अंधारल्यावर कुबड्या वाजल्या. तो स्वतःहून आला, उंबऱ्याशी थांबला, पुन्हा एक पाऊल, पुन्हा थांबला. घाई केली नाही. मीही ये म्हटलं नाही. शेवटी कठड्याला टेकून उभा राहिला, धाप लागलेली, समुद्र काळा पडलेला.

"आज कसा होता हो सूर्यास्त, बाबा?"

"ढगाळ होतं रे," मी म्हणालो.